बारापैकी तीन कुंड्या

दत्ता,

तू गेलास तेव्हा तुझ्या बारा कुंड्यांपैकी नऊ मागच्या अंगणात भरलेल्या होत्या. तीन रिकाम्या, भिंतीशी पालथ्या घातलेल्या. त्या तीन कुंड्यांबद्दल मला आज लिहायचं आहे.

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली होती. मी लिहिलीही. हॉस्पिटलच्या रेसिडेन्समधली आपली एकच खोली, खिडकीत गार करायला ठेवलेलं दूध, गणपतीत तू बसवलेली एकांकिका, थंडीतही मफलर न घालणारा तू. मालतीवहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "छान जमलंय. आता खरं लिहा."

ती दोन पानं फाडली. हे दुसरं.

तुला निरोप देऊन आम्ही क्रेमॅटोरियमच्या कार पार्कमध्ये उभे होतो. माझ्यामागे मंडळातल्याच दोघीजणी हळू आवाजात बोलत होत्या. "सहा वर्षं बापाचं तोंड पाहिलं नाही. आता पहिल्या रांगेत उभा राहून रडतोय." समीरबद्दल होतं ते. मी तीन पावलांवर होतो. वळून बोलायला हवं होतं. मी कोटाची बटणं लावत राहिलो. तुझ्या मुलाबद्दल गप्प राहायची मला सवय झाली होती, दत्ता. त्या दिवशी तर तूही ऐकायला नव्हतास.

तेव्हा हा अंक हातात घेणाऱ्या प्रत्येकासाठी आधीच सांगून टाकतो. समीर बापाला टाकून गेला नाही. तो गेला माझ्या दोन शब्दांमुळे आणि तुझ्या एका वाक्यामुळे. तुझं वाक्य सगळ्यांना माहीत आहे. माझे शब्द कुणालाच नाहीत.

तुझं हे ऱ्होडोडेंड्रॉनचं वेड मी पहिल्या दिवसापासून पाहिलं. आपण जानेवारीत आलो होतो. इंग्लंडच्या उत्तरेतलं ते गिरण्यांचं गाव, धुरकट विटा, चार वाजता अंधार. या देशाला रंगच नाही असं आपलं ठरून गेलं होतं. मग मे महिन्यात रेसिडेन्सच्या मागची हिरवीकाळी झुडपं एका आठवड्यात फुलांनी भरून गेली. तू माळ्याला जाऊन नाव विचारलंस आणि धावत वर आलास. "अरविंदा, यांची जात हिमालयातली आहे. आपल्यासारखीच इकडे आलेली." मी म्हणालो, "आपल्या आधी आलीत, त्यांना कायमची पोस्ट मिळालीय. आपलं सहा महिन्यांचं कंत्राट." तू इतका हसलास की वॉर्डन दार वाजवून गेली.

लंडनजवळ पिनरला घर घेतल्यावर तू पहिलं झाड जमिनीत लावलंस. वर्षाच्या आत पानं पिवळी पडली. बिल्डरनं जुना चुना आणि विटांचा चुरा तिथंच गाडला होता, आणि या झाडांना चुना म्हणजे विष. माती तपासायची छोटी नळी तू आणलीस, रंग बघितलास आणि निदान पक्कं झालेल्या डॉक्टरसारखा खूश झालास. तेव्हापासून सगळं कुंड्यांत. कुंडी उथळ आणि रुंद, कारण मुळं वरच्या वर पसरतात. माती आम्लधर्मी, पोत्यातून विकत आणलेली. वरती पाइनच्या सुयांचा थर, त्या तू पार्कातून काळ्या पिशव्या भरून आणायचास. आणि पाणी फक्त पावसाचं. आपल्या नळाच्या पाण्यानं किटलीला आतून पांढरं पुट चढतं, तेच यांच्या मुळांनाही चढतं, असं तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचास. म्हणून पन्हळीखाली तीन मोठे बॅरल. जूनमध्ये सुकलेले गुच्छ तू दोन बोटांनी पिळून काढायचास, खालचा नवा कोंब दुखावणार नाही इतक्या हळू. बोटं चिकट व्हायची. मी घडीच्या खुर्चीत बसून टोमणे मारायचो. म्हणायचो, इतकी निगा लागते ते झाड कसलं, आयसीयूतला पेशंट आहे.

प्रत्येक कुंडीत पांढरं प्लास्टिकचं लेबल. पुढच्या बाजूला झाडाचं नाव इंग्रजीत, मागे पेन्सिलनं तुझ्या नोंदी मराठीत. मी विचारलं तर म्हणालास, "पेशंट इंग्लिश असला म्हणून काय झालं, केसपेपर आपला."

आपला एक वाद कधीच मिटला नाही. राखेचा. आमच्या गावी चुलीतली राख केळीला, अळवाला, माडाला घालत. त्याहून चांगलं खत नाही असं मी तुला वर्षानुवर्षं सांगत आलो. तू एकच उत्तर द्यायचास, "तुझ्या केळीला घाल. यांना चालत नाही." का चालत नाही, हे मी एकदाही विचारलं नाही. भूल देणारा डॉक्टर मी. जन्मभर रक्तातलं आम्ल आणि अल्क मोजत आलो, कणभर इकडेतिकडे झालं तर धावत सुटलो. आणि एवढा साधा प्रश्न मला पडला नाही, कारण तू मला झाडांतलं शिकवावंस हे मला मान्य नव्हतं.

२००३ च्या जुलैत तुझ्या आई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तू आणि वहिनी पुण्याला गेलात. समीर घरी होता. सव्वीस वर्षांचा. फार्मसी शिकून केमिस्टच्या दुकानातली नोकरी त्यानं सोडली होती आणि स्लाऊच्या एका वर्कशॉपमध्ये तो सुतारकाम शिकत होता. मंडळात कुणी विचारलं की तू "सध्या ब्रेक घेतलाय" म्हणून विषय बदलायचास. जाताना फ्रिजवर त्याच्यासाठी अकरा नियमांचा कागद चिकटवलास आणि किल्ली माझ्या हातात देत म्हणालास, "लक्ष ठेव. झाडांवर आणि त्याच्यावरही."

ऑगस्टमध्ये असा उन्हाळा झाला की रस्त्याचं डांबर बुटाला लागे. बॅरल आटले. नेमकं तेव्हाच आम्ही मोठं घर विकून फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो आणि सुमनला वास्तुशांत करायची होती. ईलिंगहून गुरुजी आले. धुराचा अलार्म वाजू नये म्हणून त्याला शॉवर कॅप घातली. होमकुंड म्हणून चिकन रोस्ट करायचा ॲल्युमिनियमचा नवा कोरा ट्रे, खाली दोन विटा, त्याही तुझ्याच अंगणातून आणलेल्या. सगळं यथासांग झालं. निघताना गुरुजींनी बजावलं की राख बिनमध्ये टाकायची नाही, झाडाच्या मुळाशी घालायची. आमच्या फ्लॅटखालच्या हिरवळीवर तर "चालू नये" अशी पाटी. सुमनच म्हणाली, "दत्ताभावजींकडे एवढी झाडं आहेत की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रे पिशवीत घालून मी तुझ्याकडे आलो. समीर कामावर गेला होता. पवित्र राख म्हणून तुझी सगळ्यात चांगली तीन झाडं निवडली. त्यातलं एक, ज्याच्या पानाखाली तपकिरी मखमल असायची आणि तू येता-जाता जिच्यावरून बोट फिरवायचास. सुयांचा थर बाजूला केला, राख हातानं सारखी पसरली, सुया परत झाकल्या. झारी स्वयंपाकघरातल्या नळावर भरून घातली. घरी येऊन सुमनला सांगितलं की होमाची सोय झाली आणि दत्ताच्या झाडांना खतही मिळालं. समाधानानं जेवलो.

तीन आठवड्यांनी समीरचा फोन आला. "काका, ती झाड पिवळा होतोय. काय करू? बाबांना सांगू का?" मी म्हणालो, उन्हानं असेल, सांगू नकोस, तिकडे आजी आजारी आहे. आणि तो घरी नसताना जाऊन बघितलं. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, कडा करपलेल्या. सुया उचलल्या तर खाली करड्या रंगाची खपली. तिथं उकिडवा बसल्या बसल्या मला सगळं कळलं, राखही चुन्यासारखीच अल्क. हे कळलं नव्हतं असं मी आजवर स्वतःलाही सांगत आलो, पण कळलं होतं. मी चमच्यानं निघेल तेवढी राख खरवडली, सुया नीट पसरल्या आणि ती खरवड पार्कातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून घरी गेलो. जी बिनमध्ये टाकायची नाही म्हणून एवढं केलं, तीच.

सप्टेंबरात तू परत आलास. आई गेल्या होत्या. डोक्यावर केस नुकते कुठे उगवत होते. बॅगा हॉलमध्येच ठेवून तू मागचं दार उघडलंस. तीन झाडं उभ्या उभ्या वाळली होती. आम्ही सगळे तिथंच होतो, वहिनी उंबऱ्यात, समीर आणि मी अंगणात.

"पाणी कुठलं घातलंस?"

"पावसाचं. बॅरल संपलं तेव्हा नळाचं, बाबा. दोनदा."

त्यानं खरं तेच सांगितलं. लपवलं असतं तर कुणाला कळणार होतं? तू माझ्याकडे वळलास. "अरविंदा, तू येत होतास ना? तुला काय वाटतं?"

मी म्हणालो, "पाण्याचंच असणार."

हेच ते दोन शब्द. आणि मग तुझं वाक्य, जे वहिनींनी पुढे रडत रडत साऱ्यांना सांगितलं. "बारा कुंड्या सांभाळता येत नाहीत, आणि हा लोकांची घरं बांधायला निघालाय."

समीर आत गेला. त्यानं सिंकमधले कप धुतले. शनिवारी तो वर्कशॉपमधल्या एका मित्राबरोबर शेफील्डला गेला. पुढे तो रविवारी दुपारी वहिनींना फोन करायचा, तू माझ्याबरोबर अंगणात असायचास त्या वेळेला. वहिनींना वाटे, आपण दोघं मित्र मन रमवतोय. मी तिथं बसून तुझ्या मुलाचा फोन आत वाजताना ऐकायचो. तूही ऐकायचास. तुझा हात जरा थांबायचा आणि परत सुकलेली फुलं खुडायला लागायचा.

सांगायला मी दोनदा आलो होतो. एकदा तुझ्या अँजिओग्राफीच्या सकाळी. पलंगापाशी खुर्ची ओढली तर तूच म्हणालास, "तोंड असं का केलंयस? मी चाललोय की तू?" मी हसलो, आणि हसल्यावर ते सांगायचं राहून गेलं. दुसऱ्यांदा तुझ्या दारापर्यंत येऊन बेल न वाजवता परत फिरलो. मी भित्रा होतो, दुसरं काही नाही. तू रविवारी मला दार उघडणं बंद करशील याची भीती. सुमन गेल्यावर या देशात मला अरे-तुरे करणारा तू एकटाच उरला होतास. त्यासाठी मी तुझा मुलगा तुझ्यापासून लांब राहू दिला.

इथं लेख संपला असता तर मी एकटाच गुन्हेगार ठरलो असतो. ते सोपं झालं असतं.

तू गेल्यावर आठवड्यानं वहिनींनी मला शेड आवरायला बोलावलं. खतांच्या पोत्यांमागे बिस्किटांचा जुना डबा होता. त्यात मेलेल्या झाडांची लेबलं. एकेकाच्या मागे कारण. "किड्यानं मुळं खाल्ली." "गोठलं." "पाणी फार झालं, चूक माझी." आणि रबरबँडनं एकत्र बांधलेली तीन. तिन्हींवर तेच अक्षर, तीच पेन्सिल.

"सप्टेंबर २००३. माती अल्कधर्मी. बाकी नऊ ठीक. राख. जळकी सुपारी सापडली. अरविंद."

नळाचं पाणी बाराही कुंड्यांना मिळालं होतं. मेली तीनच झाडं. तुला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कळलं असणार, माती तपासल्याशिवाय तू राहिलाच नसशील. मी खताच्या पोत्यावर बसलो. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला तुझा इतका राग आला की हातातला डबा भिंतीवर फेकावासा वाटला.

तुला माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं. मी बॅरल स्वच्छ करायचो, पाइनच्या सुया गोळा करायला तुझ्याबरोबर पार्कात वाकायचो, आणि तू बघत होतास. दर वसंतात मी म्हणायचो, अरे, तीन नवीन आणू या. तू म्हणायचास, "नको, राहू देत रिकाम्या." मला वाटायचं समीरचा राग आहे.

परीक्षेचं आठवतंय? मी नापास झालो होतो आणि तू पास झाल्याचं पत्र पंधरा दिवस गादीखाली लपवून ठेवलंस. मला कळलं तेव्हा म्हणालास की दोघांनी मिळून रडण्यात मजा असते. त्या पत्राबद्दल मी तुझा जन्मभर ऋणी आहे. माझ्यासाठी कागद लपवायची तुझी सवय जुनी. लोक म्हणतील, बघा, शेवटपर्यंत मैत्री निभावली, मित्राचं नाव बाहेर येऊ दिलं नाही. मी तसं म्हणणार नाही. पत्र लपवलंस तेव्हा झळ तुलाच लागली होती. लेबलं लपवलीस तेव्हा ती समीरला लागली.

आणि मला वाटतं, तू मला वाचवतही नव्हतास. ते वाक्य तुझ्या तोंडून निघून गेलं होतं. ते परत घ्यायचं तर शेफील्डला फोन करून मुलाची माफी मागायला हवी होती, आणि त्यानं निवडलेलं काम हलकं नाही हेही मान्य करायला हवं होतं. त्यापेक्षा पेन्सिलनं लेबलावर लिहिणं सोपं. मी गप्प होतो म्हणून तुला गप्प राहता आलं, तू गप्प होतास म्हणून मला. रविवारच्या चहाला आपण दोघं हेच तर करत होतो. किती परक्यांच्या खांद्यावर हात ठेवून आपण वाईट बातम्या सांगितल्या असतील, दत्ता. घरातली एक सांगता आली नाही. यावर तुझ्याशी कडाडून भांडायचं होतं. तू तीही सोय ठेवली नाहीस.

तेराव्याला समीर व्हॅन घेऊन आला. जेवणं झाल्यावर तो एकटाच मागे जाऊन कुंड्यांपाशी उभा राहिला. मी गेलो. तयार केलेलं सगळं बोलणं विसरलो. खिशातलं एक लेबल काढून त्याच्या हातात दिलं.

त्याचं मराठी वाचन तुला ठाऊक आहे. अंगठ्यानं अक्षर अक्षर सरकत तो मोठ्यानं वाचायला लागला. रा, ख. राख. मग सुपारी. शेवटी माझं नाव, तेही सुटं सुटं, शाळेतल्या मुलासारखं. मला मध्येच तोंड घालून वाचून दाखवता आलं असतं. मी त्याला वाचू दिलं.

"राख म्हणजे ॲश?"

"हो. मी घातली होती. वास्तुशांतीची."

"आणि बाबांना माहीत होतं?"

"हो."

तो बराच वेळ लेबल उलटसुलट करत राहिला. मला वाटलं, हा मला मारेल. मारायला हवं होतं.

"काका, मला वाटायचं मीच मारली," तो म्हणाला. "सीरियसली. बॅरल ड्राय झालं तेव्हा मी वर्कशॉपच्या टाकीतून रेनवॉटर आणायचो, कॅनमध्ये, रोज. दोन दिवस व्हॅन बंद होती, तेव्हाच नळाचं घातलं. आय थॉट ते दोन दिवस. माझ्या घरी अजून एकपण झाड नाही. माझी पार्टनर एमिली आणते, मी परत द्यायला लावतो."

त्यानं लेबल खिशात घातलं. तो आईकडे आत गेला. नंतर वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यावर दोन कप चहा होता, एक त्याचा, एक त्यांचा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरात मला कुणी चहा विचारला नाही. वहिनी म्हणाल्या, "एक फोन केला असतात तरी माझा मुलगा घरी आला असता. तुम्ही दोघंही गप्प बसलात." माझी दोन पानं त्यांनी ऐकली ती त्यानंतर.

संध्याकाळी निघताना समीरनं नऊपैकी एक कुंडी उचलली, लहानातली. मला म्हणाला, "वरती पाइन नीडल्स, उथळ पॉट, चुना नाही. बरोबर?" फ्रिजवरचे अकराच्या अकरा नियम त्याला पाठ आहेत, दत्ता. त्याचा हात पुढे होता, म्हणून मीही माझा पुढे केला. त्याला हात मिळवायचा नव्हता, लेबलं हवी होती. उरलेली दोन. मी दिली.

आता अंगणात आठ कुंड्या भरलेल्या आहेत. पुढच्या मे महिन्याचे कळे आत्ताच धरलेत, फांदीच्या टोकाला, मिटलेले आणि टणक. मी मंगळवारी आणि शुक्रवारी पाणी घालायला येतो. वहिनी मागचं दार उघडून देतात आणि आत जातात. बॅरल भरलेले आहेत, या वर्षी पाऊस चांगला झाला. माझं काम झालं की झारी पालथी घालतो आणि बाजूच्या गल्लीनं निघतो. घडीची खुर्ची मी शेडमध्ये ठेवून दिली आहे.

अरविंद